विकता न येणारा संघ

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने शेअर विक्रीला काढले. एका शेअरची किंमत ३०० डॉलर. त्यावर लाभांश कधीच मिळणार नाही, तो बाजारात विकता येणार नाही, त्याचा भावही वाढणार नाही. नफ्याच्या आशेने कुणी हा शेअर घेऊ नये, असं कंपनीने स्वतःच्या माहितीपत्रकातच बजावलं होतं. सामन्याचं एक तिकीटसुद्धा त्यावर फुकट नाही. तरीही काही महिन्यांत जवळपास दोन लाख शेअर खपले आणि साडेसहा कोटी डॉलर जमा झाले. लोकांनी ते कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगले.

ही कंपनी म्हणजे ग्रीन बे पॅकर्स, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. (शिरस्त्राणं घालून, लांबुळका चेंडू हातात धरून खेळतात तो फुटबॉल. पायाचा त्यात फारसा संबंध येत नाही.) गावाची वस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास आणि मैदानाची क्षमता ८१ हजार. एनएफएल या लीगच्या बत्तीस संघांपैकी एकतीस संघ कुणा ना कुणा धनाढ्य माणसाचे किंवा घराण्याचे आहेत. पॅकर्सला मालक नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक मात्र आहेत.

पॅकर्सची गोष्ट सांगताना अमेरिकन लोक भावुक होतात. चाहत्यांच्या मालकीचा संघ, लोकशाहीचा विजय, लहान गावाची जिद्द, असं बरंच काही बोललं जातं. मला या गोष्टीचं महत्त्व पटतं, पण कारण वेगळं वाटतं. चाहते पॅकर्स चालवतात हे खरं नाही, आणि ते चालवत नाहीत म्हणून काही बिघडलेलंही नाही. या संघाची खरी ताकद एवढीच आहे की तो कुणालाच विकता येत नाही. स्टेडियमसाठी सार्वजनिक पैसा द्यावा का, यावर अमेरिकेत चाळीस वर्षं वाद चालू आहे आणि त्यात नेमकी हीच बाब बाजूला पडते.

सुरुवात अगदी साधी होती. १९१९ च्या ऑगस्टमध्ये कर्ली लॅम्बो हा एकवीस वर्षांचा तरुण आणि जॉर्ज कॅलहून हा स्थानिक वर्तमानपत्रातला क्रीडा संपादक यांनी पोरं गोळा करून संघ उभा केला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. कारखान्याने जर्सीसाठी ५०० डॉलर दिले आणि संघाला पॅकर्स हे नाव पडलं. कारखाना लवकरच दुसऱ्याच्या हाती गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. १९२१ मध्ये संघ लीगमध्ये दाखल झाला. त्याच हंगामात कॉलेजची पोरं खोट्या नावाने खेळवल्यामुळे त्याला लीगबाहेर काढलं गेलं, आणि पुढच्या वर्षी लॅम्बोने खटपट करून परत आत घेतलं. पुण्यवान वगैरे उगम नव्हे हा.

मग पावसाने घात केला. १९२२ मध्ये संघाने पावसाचा विमा उतरवला होता. एका सामन्याला पाऊस आला, प्रेक्षक आले नाहीत, पण विम्याच्या अटीपेक्षा इंचाचा शंभरावा भाग पाऊस कमी पडल्याने छदामही हाती लागला नाही, अशी हकीकत गावात सांगतात. कर्ज चढलं. तेव्हा वर्तमानपत्राचे चालक अँड्र्यू टर्नबुल आणि गावातले चार प्रतिष्ठित पुढे झाले. १९२३ मध्ये त्यांनी ना-नफा संस्था नोंदवली आणि पाच डॉलरचा एक असे हजार शेअर विकले. शेअर घेणाऱ्याने हंगामाची निदान सहा तिकिटंही घ्यायची, अशी अट होती. म्हणजे भांडवल आणि गिऱ्हाईक दोन्ही एका फटक्यात.

त्या संस्थेच्या घटनेत लाभांश द्यायचा नाही, असं लिहिलं. उद्या संघ मोडला तर उरलेला पैसा गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेकडे, सैनिकांच्या स्मारकासाठी जाईल, असंही लिहिलं. (१९९७ नंतर तो हक्क धर्मादाय फाउंडेशनकडे आहे.) या दोन कलमांत सगळं आलं. संघ विकून कुणाला दमडी मिळणार नसेल, तर तो विकायचा तरी कशाला?

ही कलमं लिहिणाऱ्यांना पुढच्या शंभर वर्षांची दृष्टी होती, असं मी म्हणणार नाही. त्यांना त्या हिवाळ्यापुरतं कर्ज फेडायचं होतं. पण कुलूप मजबूत निघालं आणि त्याची परीक्षा घेतली ती खुद्द लॅम्बोनेच.

मधल्या काळात संघ आणखी एकदा बुडता बुडता वाचला होता. १९३१ मध्ये एक प्रेक्षक बाकावरून पडला, त्याने दावा जिंकला, आणि संघाची विमा कंपनीच बुडालेली निघाली. पाच हजार डॉलरच्या त्या निवाड्याने संघ कोर्टाच्या ताब्यात गेला. १९३५ मध्ये पुन्हा गावाने पंधरा हजार डॉलर उभे केले. मैदानावर मात्र सुबत्ता होती. १९२९ ते १९४४ या काळात लॅम्बोने सहा अजिंक्यपदं आणली. त्यानंतर संघ घसरला, तिजोरी रिकामी झाली, आणि १९४९ च्या अखेरीस पगार द्यायला पैसे नाहीत अशी अवस्था आली. संघातल्याच खेळाडूंचे दोन गट पाडून निधीसाठी सामना खेळवावा लागला.

तेव्हा लॅम्बोने प्रस्ताव मांडला की बाहेरचे गुंतवणूकदार आणू, पण ना-नफा रचना मोडून संघ नफ्याची कंपनी करू. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हतं. लीगमधले बाकीचे सगळे तसेच होते. ज्याने संघ जन्माला घातला, तीस वर्षं वाढवला, त्याचाच शब्द होता तो. संचालकांनी नाही म्हटलं. १९५० च्या फेब्रुवारीत लॅम्बो शिकागोच्या कार्डिनल्स संघाकडे निघून गेला.

त्याच वर्षी २५ डॉलरचा एक याप्रमाणे शेअर काढले आणि एक लाखाहून जास्त डॉलर जमले. एक शेतकरी बाई आगपेटीच्या खोक्यात पाव-पाव डॉलरची नाणी भरून घेऊन आली होती, ही आठवण पॅकर्सच्या इतिहासात हटकून येते. हृद्य आहे, यात शंका नाही. पण त्या बाईच्या पंचवीस डॉलरांपेक्षा संचालकांचा नकार मला जास्त मोलाचा वाटतो. पैसा दुसरीकडूनही आला असता. ग्रीन बेमध्ये एक मालक एकदा आला असता, तर त्याने पुढच्या पाच वर्षांत संघ दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या मिलवॉकीला नेला असता. तिथे १९५३ मध्ये नवं कोरं काउंटी स्टेडियम उघडलं होतं, पॅकर्स काही घरचे सामने तिथे खेळतही होते, आणि ग्रीन बेने चांगलं मैदान बांधावं नाहीतर तिकडे जावं, असा लीगचा दबाव होता.

१९५६ च्या एप्रिलमध्ये ग्रीन बेच्या मतदारांनी ९ लाख ६० हजार डॉलरचे रोखे काढून मैदान बांधायला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. मतदानाआधी प्रचाराला कोण यावं? पॅकर्सचा हाडवैरी शिकागो बेअर्स, त्याचे मालक जॉर्ज हॅलस. ते ग्रीन बेला आले आणि मैदानाला मत द्या म्हणून भाषण करून गेले. वैरी संपला की आपलाही खेळ संपतो, हे त्या माणसाला पक्कं कळत होतं. १९५७ मध्ये मैदान उघडलं. लॅम्बोच्या निधनानंतर १९६५ मध्ये त्याचं नाव त्या मैदानाला दिलं गेलं. संघाला मालक आणू पाहणाऱ्या माणसाचंच नाव. गावाने राग धरला नाही, हेही खरं.

१९५९ ला विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले, आणि पुढच्या नऊ वर्षांत पाच अजिंक्यपदं मिळाली. सुपर बोल म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, त्यातले पहिले दोन याच काळातले. लीगच्या सर्वोच्च करंडकाला आज लोम्बार्डींचंच नाव आहे. या पर्वावर इतकं लिहिलं गेलंय की मी इथे थांबत नाही.

आता दुसरी बाजू. चाहत्यांची मालकी, चाहत्यांची मालकी म्हणतात, ती किती खरी? १९९७ मध्ये नवे शेअर काढण्याआधी सुमारे १,९०० जुन्या भागधारकांकडे मिळून ४,६०० च्या घरात शेअर होते. त्या प्रत्येक शेअरचे हजार करण्यात आले. म्हणजे शेचाळीस लाख. त्यानंतर १९९७, २०११ आणि २०२१ अशा तीन विक्रींत लाखो लोकांनी २००, २५० आणि ३०० डॉलर मोजून जे घेतले, ते सगळे मिळून सहा लाखही भरत नाहीत. आज एकूण शेअर ५२ लाख आहेत. साध्या भाषेत, भिंतीवर कागद टांगणाऱ्या प्रचंड बहुसंख्येकडे मतांचा नववा हिस्सा आहे. उरलेली मतं त्या जुन्या घरांच्या वारसांकडे. जुलैमध्ये लॅम्बो फील्डवर वार्षिक सभा भरते, हजारो लोक येतात, टाळ्या वाजवतात, संचालकांच्या यादीला मान्यता देतात. कारभार सात जणांची कार्यकारी समिती बघते. प्रशिक्षक कोण, कुठला खेळाडू विकायचा, तिकीट किती, यातलं काहीही भागधारकाला विचारलं जात नाही.

त्यामुळे काही टीकाकार म्हणतात की हे शेअर म्हणजे महागडी स्मरणिका आहे. बरोबर आहे त्यांचं. पण त्यावरून ते निष्कर्ष काढतात की मालकीच खोटी. तिथे मी थांबतो. पाच लाख लोकांनी प्रशिक्षक निवडावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. तसं झालं तर दर हरलेल्या सामन्यानंतर प्रशिक्षक बदलेल. गावाला संघावर हुकूम चालवायचा नसतो, संघ एका सकाळी उठून जाऊ नये एवढंच हवं असतं. त्यासाठी मताधिकार लागत नाही. विक्रीतून कुणाला फायदा होऊ नये, एवढी सोय लागते.

ही सोय नसेल तर काय होतं ते क्लीव्हलंडला विचारावं. १९९५ च्या ६ नोव्हेंबरला ब्राउन्स संघाचे मालक आर्ट मोडेल यांनी बाल्टिमोरमध्ये जाहीर केलं की संघ तिकडे हलवतोय. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडमध्ये मतदान होतं. त्याच संघाच्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू आणि सिगारेटवरचा कर चालू ठेवायचा की नाही, यावर. सुमारे बहात्तर टक्के लोकांनी हो म्हटलं. संघ गेलेला माहीत असूनही. १७ डिसेंबरच्या शेवटच्या घरच्या सामन्यात प्रेक्षकांनी बाकं उखडून मैदानात फेकली.

बाल्टिमोरला त्यांची दया यायला हवी होती, कारण अकरा वर्षांपूर्वी तेच त्यांच्यावर गुदरलं होतं. १९८४ च्या मार्चमधल्या एका रात्री कोल्ट्स संघाचे मालक रॉबर्ट इर्से यांनी सामानाचे ट्रक बोलावले आणि पहाटेपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लावला. मेरिलँडचं विधिमंडळ संघ ताब्यात घेण्याचा कायदा करत होतं, म्हणून ही घाई. ज्यांचं लुटलं गेलं त्यांनी पैसा जमवून दुसऱ्याचं आणलं. एखाद्या सुनेने सासू झाल्यावर करावं तसं. यात दोष शहरांना द्यायचा का? संघांची संख्या लीग ठरवते, ती मुद्दाम कमी ठेवते, आणि मग शहरांना एकमेकांवर बोली लावायला लावते. सेंट लुईसने संघ आणण्यासाठी घुमट असलेलं स्टेडियम बांधलं, आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ तिथे आला. २०१६ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला परत गेले, स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते मात्र सेंट लुईसकडेच राहिले. कोर्टकचेरीनंतर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली. बऱ्याच शहरांच्या नशिबी तेवढंही येत नाही.

पॅकर्सवर एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. गाव करी ते राव न करी, ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. गावाने केलं, पण एकतीस रावांच्या सामायिक थैलीवर. १९६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून लीगला सगळ्या संघांच्या वतीने टीव्हीचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली. मक्तेदारीविरोधी कायद्यातून ही खास सूट होती. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी न्यूयॉर्क आणि शिकागोच्या मालकांना पटवलं की टीव्हीचा पैसा सर्वांनी समान वाटून घ्यायचा. ग्रीन बेला न्यूयॉर्कइतकाच वाटा. पॅकर्स हा एकच संघ आपले हिशेब दरवर्षी जाहीर करतो, म्हणून आकडा कळतो. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात त्यांना लीगकडून ४३ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. एकूण उत्पन्न ७१ कोटी ९० लाखांच्या आसपास. साठ टक्के पैसा वरून येतो. हा वाटा नसता तर १९२३ चं कुलूप कितीही मजबूत असो, आत संघ उरला नसता.

आणि ग्रीन बेच्या करदात्यानेही खिशात हात घातला आहेच. २००० मध्ये मैदानाच्या नूतनीकरणासाठी काउंटीत अर्धा टक्का विक्रीकर लावायचा का, यावर मतदान झालं, ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी मंजूर झालं. कर २०१५ पर्यंत चालला. म्हणजे सार्वजनिक पैसा द्यायचाच नाही, असं ग्रीन बेचं उदाहरण सांगत नाही. फरक इतकाच की तिथे संघ त्या पैशावर उभा राहून दुसऱ्या शहराशी सौदा करू शकत नाही.

पण हा आक्षेप उलटाही फिरवता येतो. समान वाटा ज्या कायद्यामुळे शक्य झाला, तो कायदा लोकप्रतिनिधींनी दिलेली सवलत आहे. सवलत दिली तर अट घालण्याचा हक्कही येतो. लीगने मात्र उलट केलं. पॅकर्सला जुना म्हणून सूट देऊन, पुन्हा असा संघ निघणार नाही याची तजवीज केली. एनएफएलच्या नियमांत आज सार्वजनिक शेअरविक्रीच्या मालकीला जागा नाही, मुख्य मालक हवाच, भागीदारांची संख्याही मर्यादित. २०२४ मध्ये त्याच लीगने खाजगी गुंतवणूक निधींना एका संघाचा दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायची परवानगी दिली. गुंतवणूक निधी चालतो, गाव चालत नाही. बेसबॉलमध्ये याहून विचित्र घडलं. सॅन दिएगो पाद्रेज संघाच्या मालकीणबाई जोन क्रॉक यांना तो संघ शहराला देणगी म्हणून द्यायचा होता. फुकट! बाकीच्या मालकांनी होऊ दिलं नाही. गाव संघ चालवायला नालायक ठरेल या भीतीने नव्हे, चांगला चालवेल या भीतीने, असं मला वाटतं. एखाद्या शहराने तसं करून दाखवलं की दुसरं शहर विचारणार, आम्हाला का नाही?

१९९७ मध्ये ओरेगनचे प्रतिनिधी अर्ल ब्लूमेनॉअर यांनी काँग्रेसमध्ये विधेयक मांडलं होतं. सार्वजनिक मालकीवर बंदी घालणाऱ्या लीगला टीव्हीची ती सूट मिळू नये, असा त्याचा रोख होता. पास झालं नाही. पण आजही यापेक्षा नेमका उपाय कुणी सुचवलेला नाही. तोवर शहरांनी निदान एवढं तरी मागावं: जितका पैसा देऊ तितका हिस्सा आमचा, तो कधीही न विकण्याच्या अटीवर, आणि संघाचं नाव, रंग, नोंदी शहराच्या. शेवटची अट अशक्य नाही. क्लीव्हलंडने १९९६ च्या तडजोडीत ती मिळवली. मोडेल खेळाडू घेऊन गेले, ब्राउन्स हे नाव आणि इतिहास शहरात राहिला, आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे मतांचं बहुमत राहील असा नियम तिथल्या (पायाने खेळायच्या) फुटबॉलच्या लीगने घातला आहे आणि तरी तिथली मैदानं भरतात.

यावर नेहमीचं उत्तर येतं की मालकी बदलायची गरज काय, चांगला कायदा करा. ओहायोने तोही केला. क्लीव्हलंडच्या जखमेनंतर १९९६ मध्येच तिथे कायदा झाला. ज्या संघाने सार्वजनिक पैशाच्या मैदानात खेळ केला, त्याने दुसरीकडे जाण्याआधी सूचना द्यायची आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यायची. लोक त्याला मोडेल कायदाच म्हणतात. अलीकडे ब्राउन्सच्या सध्याच्या मालकांनी शहराची हद्द सोडून शेजारच्या ब्रूक पार्कमध्ये घुमटाचं स्टेडियम बांधायचं ठरवलं. क्लीव्हलंडने त्याच कायद्यावर बोट ठेवलं. २०२५ च्या जूनअखेर राज्याचा अर्थसंकल्प मंजूर झाला. त्यात नव्या स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलर होते, लोकांच्या विसरलेल्या, न मागितलेल्या ठेवींच्या निधीतून काढलेले. आणि त्याच अर्थसंकल्पात मोडेल कायद्यात दुरुस्ती होती. संघ राज्याबाहेर जात असेल, तरच हा कायदा लागू.